लक्ष होतं म्हणून

"आडनाव काय गं तुझं?"

नवरीच्या आत्यानं विचारलं तेव्हा मी नवरीच्या खुर्चीवर बसले होते. हौस म्हणून नाय. कामच होतं ते. नवरी पार्लरमधून यायच्या आधी स्टेजवर कुणाला तरी बसवावं लागतं. त्याच्यावर लाइट मारून बघावा लागतो. नाकाची सावली कुठं पडती, कपाळ चमकतं का, मागची फुलं पांढरी फट्ट होतात का. आमच्या धंद्यात याला लाइट बसवणं म्हणतात. सर समोर कॅमेरा घेऊन उभे. मी त्या लाल मखमलीच्या, सोनेरी हातांच्या खुर्चीवर मांडीवर हात ठेवून बसलेली, नवरी बसंल तशी. बीड बायपासचं लॉन होतं. गंगापूरकडची मंडळी, ऊसवाली, दारात गाड्याच गाड्या.

मी आडनाव सांगितलं. खोटं सांगावं हे मला सुचलंसुद्धा नाय.

आत्याबाई हसल्या. रागावल्या नाहीत, आवाज चढवला नाय. हात नुसता वर केला आणि म्हणाल्या, "उठ बरं. नवरीची जागा हाय ती."

मी उठले. त्यांनी डेकोरेशनवाल्याला हाक मारली. "ए, हे कव्हर बदल रे. डाग पडलाय."

डाग? मला वाटलं माझी पाळी आली का काय. तेवढ्या लोकांत मी मागं हात लावून ड्रेस चाचपला. कोरडा होता. खुर्चीकडं वाकून बघितलं. मखमल साफ होती. डेकोरेशनवाल्यानं कव्हर ओढून काढलं, चुरगळून मागं फेकलं, दुसरं चढवलं. तेही लालच. मग नवरी आली, बसली, सनई लागली.

बस. एवढंच झालं. कुणी शिवी दिली नाय, कुणी हात लावला नाय. हात तर लावणारच नव्हते म्हणा. इतकं सफाईदार काम की तक्रार करायची तर कशाची करायची? डाग नव्हता याची?

परत येताना गाडीत मी विचारलं, "सर, तुम्ही बघितलं ना?"

"काय गं?"

"कव्हर बदललं ते."

"माझं लक्ष नव्हतं बेटा. मी लाइट बघत होतो."

मागच्या सीटवर शकीलभाई होते, आमचे व्हिडिओवाले. ते म्हणाले, "छोड ना. दिल पे मत ले. ये लोगां ऐसेइच हैं." सरांनी गाण्याचा आवाज वाढवला. मी सरांवर विश्वास ठेवला. मला ठेवायचाच होता.

सर कोण, ते सांगते. लग्नाचे फोटो काढणारे आमच्या शहरात गल्लोगल्ली आहेत. पण सर म्हणजे सर. लग्नं पोटापाण्याला. नाव झालं ते खेड्यातल्या माणसांच्या ब्लॅक अँड व्हाइट फोटोंनी. देवगाव रंगारीच्या बाजारातला म्हातारा, वीटभट्टीवरची बाई, मेंढरांमागं चाललेली पोरं. स्टुडिओच्या जिन्यात ते फोटो ओळीनं लावलेले. बारावीनंतर मी तिथं लागले ती काउंटरवर बसायला, अल्बम द्यायला. रोज तो जिना चढायचा. एक दिवस त्या म्हाताऱ्यासमोर थांबले आणि थांबलेच. एवढी सुरकुती न् सुरकुती मी आमच्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांची रोज बघत होते, पण कधी बघितलीच नव्हती. मला बी हे करायचं, असं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी करायचं असं वाटलं होतं मला, नायतर आमच्यात जे मिळंल ते करायचं असतं.

सर शिकवत नव्हते. विचारलं की म्हणायचे, "बघ. बघून शीक." मग मी बघायला लागले. फोटोतल्या माणसाच्या डोळ्यात नीट बघितलं की बुबुळात एक पांढरा ठिपका दिसतो. तो लाइट. चौकोनी असला तर खिडकी नायतर चौकोनी लाइट, गोल असला तर लाइटवर लावायची छत्री, वर असला तर लाइट वर. मी मोबाइल लावून, मोठं करून एकेका डोळ्यात शिरायचे. जिना झाडणाऱ्या मावशी म्हणायच्या, "त्या म्हाताऱ्याच्या डोळ्यात काय पडलंय गं तुझं?"

सरांनी एक जुना कॅमेरा वापरायला दिला. खोटं कशाला बोलू, दिला. हर्सूलला आमच्या घराच्या पत्र्याच्या दारात मी आईला बसवायचे, एका बाजूला उजेड तोंडावर परतवायला थर्माकोल उभा करायचे. "हनुवटी खाली. नजर खाली. हसू नको आई."

"मग काय मेल्यावानी बसू?"

"सरांच्या फोटोत कुणी हसत नाय."

"का? त्यांच्या घरी कुणी गेलंय का?"

असली बाई. दुसऱ्यांच्या घरी भांडी घासून आली तरी जिभेला धार. पण बसायची. मी सांगंल तशी मान खाली घालून बसायची. फोटो आला की सरांच्या फोटोशेजारी धरून बघायचे मी. सावली जमली? जमली. डोळ्यातला ठिपका जमला? जमला. सर डावा गुडघा वाकवून उभे राहायचे, मी तसं उभी राहायला लागले. बटण दाबायच्या आधी ते श्वास रोखून म्हणायचे, "हां… अस्सं." मीही म्हणायला लागले. शकीलभाई चिडवायचे, "देखो, छोटे सर आ गए." मला लई बरं वाटायचं. सरांसारखं व्हायचं, एवढंच डोक्यात होतं. त्या जिन्यात एक दिवस आपण काढलेला एक फोटो लागावा, खाली आपलं नाव असावं. दुसरं काय मागत नव्हते मी.

त्या लग्नानंतर काही महिने गेले. एक दिवस शकीलभाईंनी मोबाइलवर कार्ड पाठवलं. सरांच्या प्रदर्शनाचं. कार्डावर माझं तोंड.

खोटं वाटंल, पण आधी मला काय वाटलं सांगू? काय फ्रेम आहे! हेच वाटलं. लाइट डावीकडून. अर्धी खुर्चीवर, अर्धी उठलेली एक पोरगी. मागं सगळा काळोख. कडेला एक हात, बांगड्या भरलेला, वर केलेला. पोरीच्या डोळ्यात ठिपका, बारीक, चौकोनी, जिथं पाहिजे तिथं. मी सरांच्या जागी असते तर हाच क्षण धरला असता. मग हळूहळू कळलं की ती मी आहे, आणि तो हात कुणाचा आहे.

तोवर कार्ड मोबाइलवरून फिरलं होतं, वस्तीत बोंब झाली होती. आमची पोरगी कार्डावर आली! बायांनी आईला घेरलं. कुणी पेढे आणले. मी काय सांगणार होते? त्या दिवशीचं मी घरी काहीच बोलले नव्हते. आईनं ठेवणीतली जांभळी साडी काढली. "मी येणार," म्हणाली. "तुझ्या सरांना बघायचंय मला. माझ्या लेकराला उभं केलं त्या माणसानं."

हॉल गार होता. एसी. सरांनी खादीचा कुर्ता घातलेला. माझा फोटो सगळ्यात मोठा, दारासमोरच. खाली पांढऱ्या पट्टीवर फोटोचं नाव: 'प्रतीक्षा'.

सर भाषणात म्हणाले की या मुलीच्या डोळ्यात मला एक युगायुगांचं वाट बघणं दिसलं. टाळ्या. एक बाई, गळ्यात मोठे मणी, शेजारणीला सांगत होत्या, "तो आशीर्वादाचा हात किती सूचक आहे ना." मला हसू येईना आणि रडू येईना.

आई फोटोसमोर उभी होती. लई वेळ. तिला फोटोतलं काय कळतं? काय बी नाय. ती माझ्याकडं वळली आणि म्हणाली, "हे तुझं रडायच्या आधीचं तोंड हाय. लहानपणापासनं बघती मी. कोण काय बोललं तुला?"

मग मी सांगितलं. तिथंच, हळू आवाजात. खुर्ची, आडनाव, कव्हर. डाग म्हणाल्या तेसुद्धा. मी ड्रेस चाचपला तेसुद्धा.

"मग तू काय म्हणलीस?"

"काय नाय."

"कायच नाय?"

तिनं पदर घट्ट ओढून घेतला आणि फोटोकडं पाठ केली. तिनं मला मारलं असतं तर बरं झालं असतं.

मी सरांकडं गेले. आजूबाजूला माणसं होती. मी म्हणलं, "सर, हा त्या दिवशीचा आहे."

"हो! ओळखलास? बघ, काय तोंड आलंय तुझं."

"तुम्ही म्हणला होता, तुमचं लक्ष नव्हतं."

सर हसले. खांद्यावर हात ठेवला. "लक्ष होतं म्हणून तर फोटो आला, वेडे."

कौतुकानं म्हणाले. त्यांना कळलंच नाय आपण काय बोललो. मला मात्र तिथल्या तिथं सगळा जिना दिसला. बाजारातला म्हातारा मान खाली घालून का उभा होता? त्याला कोण काय बोललं होतं? वीटभट्टीवरच्या बाईकडं कोण वरून बघत होतं? कुणाचा हात कडेला वर झाला होता आणि सरांनी तो फोटोतून कापून टाकला? त्या सगळ्यांच्या वेळी सर तिथं होते. गुडघा वाकवून, श्वास रोखून. हां… अस्सं. आणि मी मूर्ख त्यांच्या बुबुळात लाइट शोधत बसले. मी आईला मान खाली घालायला लावली, का तर सरांचे गरीब मान खाली घालतात.

मी म्हणलं, "काढा हा फोटो."

"काय?"

"काढा. नायतर त्या नावाच्या जागी लिहा काय झालं होतं ते. खुर्चीचं कव्हर बदललं ते लिहा."

"फोटोखाली गोष्ट लिहायची नसते. फोटो स्वतः बोलतो."

"मग खोटं बोलतोय तो."

"हे बघ," सर आवाज खाली आणून म्हणाले, "तुझ्या तोंडाकडं आजवर कुणी बघत नव्हतं. मी बघितलं. आज एवढी माणसं बघतायत. आणि फोटोग्राफर मधी पडत नसतो. मी मधी पडलो असतो तर हे राहिलं असतं का?"

"नसतं राहिलं," मी म्हणलं. "मी राहिले असते."

आता माझा आवाज चढला होता. मी त्या मण्यांच्या बाईंकडं वळून सांगितलं की तो आशीर्वादाचा हात नाय. तो उठ म्हणणारा हात आहे. माझी जात ऐकून उठ म्हणणारा. सगळं सांगितलं. लोकांनी हातातले कप खाली ठेवले. सर म्हणाले, "तोंड सांभाळून बोल." मग दोघा-तिघांना उद्देशून, मऊ आवाजात, "तिला जरा बरं नाहीये." एक माणूस आला, त्यानं आम्हा मायलेकींना दारापर्यंत पोचवलं, लई आदबीनं. मागं चहाच्या कपांचा आवाज सुरू झाला. मला वाटलं होतं कुणीतरी एक माणूस आमच्यामागं बाहेर येईल. कुणी आलं नाय. शकीलभाई व्हिडिओ काढत होते, त्यांनी कॅमेऱ्यातून डोळा काढला नाय. त्यांच्यावर माझा राग नाय. त्यांना तीन लेकरं आहेत.

पुढचं लवकर सांगते, कारण पुढं काही झालं नाय. जुना कॅमेरा दुसऱ्या दिवशी परत दिला. सरांशी भांडलेली पोरगी म्हणून दुसऱ्या कुणी स्टुडिओत उभं केलं नाय. वस्तीतले एक वकील दादा आहेत, त्यांना केस करता येईल का विचारलं. ते म्हणाले, "साक्षीदार कोण?" मी म्हणलं, सर. त्यांनी पेनाला टोपण लावलं. फोटोला बक्षीस मिळालं, पेपरात छापून आला. शेजारच्या काकूंनी तो कापून, लॅमिनेट करून आमच्या घरी आणून दिला. बिचारीला काय माहीत. आईनं घेतला, त्यांना चहा पाजला आणि त्या गेल्यावर चुलीत घातला. पेपर तर लाखो निघतात. एक जळाला.

मी आता एका झेरॉक्सच्या दुकानात पासपोर्ट फोटो काढते. पांढरा पडदा, प्लास्टिकचं स्टूल. माणूस बसला की माझा डावा गुडघा आजही आपोआप वाकतो. "हां… अस्सं" ओठापर्यंत येतं. सर माझ्या हाडात बसलेत, ते निघत नाहीत. मला दुसऱ्या कुणासारखे फोटो काढताच येत नाहीत. कधी कधी वाटतं सर कधीच निघणार नाहीत, आणि माझे स्वतःचे असे फोटो कधी नसतीलच. आईला म्हणलं, बस, एक काढते, हसतानाचा. ती म्हणाली, "नको." परत विचारायची माझी हिंमत झाली नाय.

आता ते प्रदर्शन पुण्याला चाललंय. तिथून मुंबईला. तो फोटो उतरणार नाय, हे मला पक्कं माहीत आहे. विकत घेऊन कुणीतरी आपल्या हॉलमध्ये लावंल, सोफ्याच्या वर. पाहुण्यांना दाखवंल. माझं तोंड तिथं माझ्यानंतरही राहील.

तर मी ठरवलंय. मी पुण्याला जाणार. लाल डब्यानं जाणार. त्या फोटोच्या बाजूला उभी राहणार, येईल त्याला सांगणार. बाहेर काढतील. मग दारात उभी राहणार. दारातून काढतील, तर रस्त्यावर. फोटोतलं तोंड त्यांचं झालं असंल, बोलणारं माझं आहे. माझं आडनाव आधी सांगणार, कुणी विचारायच्या आत. मग ती खुर्ची, ते कव्हर, तो हात. आणि सर बघत होते, हे सांगणार. ऐकणारं कुणी नसणार, एकदा बघितलंय मी. कुणी ऐकावं म्हणून जात नाय मी. त्या पट्टीवर जे लिहिलंय ते खोटं आहे म्हणून जाते. मी त्या दिवशी कुणाची वाट बघत नव्हते. आता तर नायच बघत.