सालईचं दार

सालईचं लाकूड नरम असतं आणि उधईला, म्हणजे वाळवीला, ते फार आवडतं. आमच्या घराचं दार तिनं तीन पावसाळ्यांत खालून खाऊन टाकलं. नवरा सुतार होता, पण सागवान लोकांच्या घरी लागायचं, आमच्या घरी सालई.

महाराष्ट्र होऊन दोन-चार वर्षं झाली असतील. मोताळ्याजवळच्या खेड्यात आम्ही तिघं राहत होतो, मी, नवरा आणि सासू. सासूला दिसायचं बंद झालं होतं, पण ती ते कबूल करत नव्हती. घराचं दार आणि गोठ्याचं दार एकाच भिंतीत होतं, दोन्ही एकाच मापाची. सासू अंगणातून भिंत चाचपत यायची आणि कधी कधी गोठ्यातच शिरायची. एकदा बैलानं तिला पाडलं. ओळख पटावी म्हणून मी घराच्या दाराला चिंधी बांधली, तर तिनं ती सोडून माझ्या अंगावर फेकली.

"मले आंधळी समजतं का वं?"

बैलाचं ऐकून भासऱ्यांनी, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावानं, देऊळगाव राजाहून निरोप धाडला. दसरा झाला की आईला इकडे घेऊन येतो. तेव्हापासून सासू धड जेवेना. "या घरातून मी चौघांच्या खांद्यावरच जाईन," एवढंच म्हणायची. मला खरं विचाराल तर ती गेली असती तर बरंच वाटलं असतं. तिची जीभ फार वाईट होती.

नवरा नव्या दाराच्या मागे लागला होता.

"शेतात खांब गाडताना बूड भाजतो, त्याले उधई लागत नाही. मग दार काऊन नाही भाजायचं?"

"जळकं लाकूड घराले? मसणातून आणल्यावानी दिसन."

"तू नुसती पाहत राह्य."

त्यानं कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवल्या आणि सालईच्या फळ्या त्यावर धरल्या. तव्यावर विसरलेल्या भाकरीसारख्या त्या काळ्या झाल्या, वर भेगा पडल्या. मग पाणी ओतलं. सकाळी दुसऱ्या गावी कामाला जाताना मला सांगून गेला, "नारळाच्या शेंडीनं वरवर पूस. काळं राहू दे, तेच उधईले अडवते."

मला ते काळं पाहवेना. लोखंडाचा गंज काढायचा तारेचा ब्रश घेतला आणि दिवसभर घासलं. काजळी गेली, तिच्याबरोबर नरम लाकूडही गेलं. कडक रेषा तेवढ्या वर उभ्या राहिल्या. संध्याकाळी नवऱ्यानं फळीवर हात फिरवला.

"दार घासलं का नांगरलं वं? साऱ्या सऱ्या पाडल्या!"

चौकट उघडी होती, म्हणून त्यानं तसंच जोडलं, जवसाचं तेल चोपडलं आणि बसवलं. सवडीनं रंधा मारून साफ करतो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी अंगणात पाट्यावर मिरची वाटत होते. सासू भिंत चाचपत आली. गोठ्याचं दार हाताला लागलं, तिथं थांबली नाही. पुढे घराच्या दाराशी थांबली. बोटं वरून खाली नेली, मग नखानं एक रेघ धरून चालली. आत गेली. बाहेर आली. पार अंगणाच्या टोकापर्यंत जाऊन पुन्हा आली. असं चारदा केलं. माझा वाटण्याचा आवाज थांबला असता तर मी पाहते आहे हे तिला कळलं असतं. म्हणून वाटलेलीच मिरची वाटत राहिले.

संध्याकाळी नवरा रंधा घेऊन आला. मी दाराला पाठ लावून उभी राहिले.

"राहू द्या."

"काऊन? तूच तं बिघडवलं."

"राहू द्या म्हटलं ना."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, आत बसलेल्या आईकडे पाहिलं आणि रंधा खाली ठेवला.

दसऱ्यानंतर भासरे आले. सासू अंगणात निंबाखाली होती.

"बस लेका, पाणी आणून देते," म्हणाली आणि उठली. मी तोंडावर पदर धरून चुलीपाशी उभी होते. भिंत आली, गोठा गेला. दाराशी हात थबकला आणि ती नीट आत आली. माझ्याजवळून रांजणापाशी गेली, तांब्या भरला आणि न सांडता घेऊन गेली.

"माय, तुले तं दिसते!" भासरे म्हणाले.

"नाही तं काय? बैल मारका हाय, त्यात माहा काय दोष?"

नवरा खाली मान घालून हसला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं भासरे एकटेच गेले.

ते गेल्यावर सासू दाराशी उभी राहिली.

"कोणं घासलं वं हे?"

"मी."

"तरीच. कामाचा ढंगच नाही."

हात मात्र तिनं दारावरून काढला नाही. मग आत येऊन जेवायला वाढ म्हणाली. दोन भाकरी खाल्ल्या आणि ठेचा फार बारीक वाटला म्हणून मला बोलली.