सितारामाच्या परसातलं पाणी

सिताराम खिल्लारेला पिंगळीच्या आसपासच्या दोन-चार गावांत ‘पाखऱ्या’ म्हणत. हे नाव प्रेमानं पडलं असेल असं समजू नका. पन्नाशी उलटलेला, रोजानं कामाला जाणारा बाप्या माणूस सांजच्याला चार जणांत बसायचं सोडून परसात बुलबुलाचं घरटं बघत उभा राहतो, हे गावाला पचत नव्हतं. “बायको खाटंवर पडलीय, आन हा पाखरायचे लाड करायलाय,” असं लोक तोंडावर म्हणत. बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार? खरं तर खाटेवरच्या बायकोसाठीच ते सगळं चाललं होतं. पण हे त्यानं कुणाला सांगितलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही.

चांगुणाबाईच्या अंगावरून वारं गेलं ते दुष्काळ सरल्यावर. बहात्तरच्या दुष्काळात ही बाई खडी फोडून आणि सरकारनं वाटलेली सुकडी खाऊन जगली, आणि रानात पुन्हा ज्वारी दिसायला लागली तेव्हा एका सकाळी चुलीपुढं कोसळली. नशिबाची ही थट्टा मला आजही कळत नाही. उजवं अंग गेलं ते गेलंच. परभणीच्या दवाखान्यात वीस दिवस काढले, कुणी सांगेल ते तेल चोळलं, गुण आला नाही. एकुलती लेक जिंतूरला दिलेली. ती येऊन चार दिवस रडून गेली. चांगुणाबाई मूळची बडबडी बाई, पण आता ती बोलायचीच थांबली. जीभ जड झाली होती हे खरं, पण मन उठलं होतं हे त्याहून खरं. सितारामानं भाकरीचा घास तोंडाशी नेला की ती मान भिंतीकडं वळवायची.

सात महिने असे गेले. एक दिवस तिला ऊन लागावं म्हणून त्यानं तिला पाठीवर घेऊन परसात आणून बसवलं. शेवग्याला फुलं होती. अंगठ्याएवढा काळा-निळा शिंजीर फुलात चोच खुपसून थरथरत लटकत होता.

“बघा,” चांगुणाबाई म्हणाली.

त्याच दुपारी सितारामानं पहार घेतली आणि मागची मातीची भिंत खाटेच्या उंचीवर फोडली. चांगलं दोन हात रुंद भगदाड पाडलं. शेजारच्या सुलाबाईला वाटलं, बायकोच्या दुःखानं ह्याचं डोकं फिरलं. मग त्यानं न्हाणीचं पाणी चारी काढून परसात फिरवलं, कडेनं कर्दळ लावली, जास्वंद लावली, वांग्याची रोपं लावली. मांजर येऊ नये म्हणून कुंपणाला बोरीच्या फांद्या दाबल्या. कोपऱ्यात मूठभर ज्वारी टाकली होती, तिची कणसं कापलीच नाहीत. चिमण्यांसाठी उभी ठेवली. वर्षभरात त्या दीड गुंठ्यात काय काय यायला लागलं! सातभाई पाखरांचा थवा यायचा आणि भांडून जायचा. खार आली, मुंगूस आलं. शिंपी पाखरानं वांग्याचं पान शिवून त्यात घर केलं.

आणि चांगुणाबाई बोलायला लागली. सिताराम कामावरून आला, की दिवसभराची खबर तयार असायची.

“आज होल्याचं जोडपं आलतं. नवरा लय आगाव हाय. तिला खाऊच देईना.”

“म्हंजी माझ्यासारखाच म्हन की.”

“तुमी कवाचे आगाव?” असं म्हणून ती अर्ध्या तोंडानं हसायची. एक तुकडा भगदाडातून पाखरांना, एक तुकडा स्वतःला, अशी ती आख्खी भाकरी खायला लागली. सितारामाला आणखी काही नको होतं.

पंच्याहत्तरचा उन्हाळा आला तो मात्र वैऱ्यासारखा. परसात पाण्याला मातीचं परळ ठेवलेलं असायचं. दोन परळं शेजारच्या शेळ्यांनी फोडली. तिसरं टिकलं, पण दुपारी कोरडं पडायचं. सिताराम कपाशीच्या पऱ्हाट्या उपटायला दिवसभर मालक माणिकरावांच्या रानात, आणि ही इकडं खाटेवर.

“पाखरं चोच वासून बसायलीत,” ती म्हणायची. “मला उठून घोटभर पाणी बी वतता येईना.” हे सांगताना तिच्या डोळ्यांना धार लागायची.

माणिकरावांच्या शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे गोठा नि अवजारं असतात तिथं, कपाशीच्या किडीवर फवारलेल्या एंड्रिन औषधाचे रिकामे डबे पडलेले होते. असला डबा गावात कुणी फेकत नसे. जाड पत्रा, घट्ट झाकण. कुणी त्यात रॉकेल ठेवी, कुणी बियाणं. त्यातला मोठा डबा सितारामानं मागितला.

“ने की, सितारामा,” माणिकराव म्हणाले. “धुऊन घे मातर. आमी त्यात पेंड ठेवतो, बैलाला काय झालं का?”

सिताराम काही अडाण्यासारखा वागला नाही. स्वतः पंप पाठीवर घेऊन फवारणारा माणूस. जहर काय असतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. राखेनं घासला, चिंचेनं घासला, आठ दिवस उन्हात तापवला, नाक घालून वास घेतला. मग आडवा कापून, पाखरांच्या पायाला लागू नये म्हणून कडा ठोकून ठोकून आत वळवल्या. बारक्या पाखरांना उभं राहायला आत खडे टाकले. आडावरून दोन कळशा आणून भरला, तेव्हा खाटेवरून चांगुणाबाई म्हणाली, “तळंच केलं की वो!”

दुसऱ्या दिवशी सांजच्याला वांग्याआड एक होला मरून पडलेला दिसला. ऊनच तसलं होतं. त्यानं गुपचूप पुरला. पुढच्या दिवशी दोन साळुंक्या. त्याही पुरल्या. बायकोला कळू दिलं नाही. ती पुन्हा गप्प गप्प झाली होती, पण तेही त्यानं उन्हावरच घातलं.

चौथ्या दिवशी काम लवकर सुटलं. परसात आला तर जास्वंदीखाली शिंपी पडला होता. मान वाकडी, एक पंख मातीत घासतोय आणि सगळं अंग थडथड उडतंय.  हे थडथडणं सितारामानं आधी पाहिलं होतं. गेल्या भादव्यात त्याच्या जोडीनं फवारता फवारता सटवाजी असाच उडायला लागला होता, तोंडाला फेस आला होता, आणि परभणी यायच्या आत बैलगाडीतच गेला होता. डब्याच्या जोडात जहर मुरलेलं होतं. तिथं राख कशी पोचणार?

त्यानं डबा ठेचला, लांब नेऊन खोल पुरला. घरी येऊन म्हणाला, “पाखरं येलदरीला गेली असतील. धरणावर लय पाणी हाय.”

 त्या रात्री चांगुणाबाईची भाकरी तशीच राहिली. दुसऱ्या दिवशीही. चार दिवस तिनं पाण्याशिवाय काही घेतलं नाही. पाचव्या दिवशी सितारामाचा धीर सुटला. खाटेचं लाकूड धरून तो म्हणाला, “मीच मारली गं. डब्यात जहर व्हतं.”

“मला ठावं हाय,” ती म्हणाली. “पयल्याच दिशी होला पाणी पिऊन लडबडला. मी बघायलते.”

“मग कामून बोलली न्हाईस?”

“कसं बोलू? तुमी यवढ्या हौसेनं कडा ठोकल्या. म्हनलं, उन्हानं असंल. दुसऱ्या दिशी कळलं, उन्हानं न्हाई. तरी बी माझं तोंड उघडलं न्हाई. पानातली पिल्लं दोन दिस वरडायलती. मग तीबी गप झाली.”

सिताराम लहान लेकरासारखा रडला. ती रडली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं कुंभाराकडून नवं कोरं परळ आणलं, भगदाडासमोर मांडलं आणि भरलं. बऱ्याच वेळानं एक साळुंकी आली. इकडं तिकडं बघत परळाच्या काठावर बसली. 

तेवढ्यात आतून धाड धाड आवाज आला. चांगुणाबाई डावा हात खाटेच्या लाकडावर आपटत होती. “हुश्श! जा! पिऊ नको, जा!”

साळुंकी उडून कुंपणावर बसली.

“आगं, मातीचं हाय, नवं हाय,” सिताराम ओरडला. “मी सोता पेऊन बघितलंय!”

तिला ते ऐकू आलं असणार. पण साळुंकी पुन्हा खाली उतरली, तशी तिनं पुन्हा हात आपटायला सुरुवात केली.