तलावाचा पुरा फेरा

माझे मामेसासरे, म्हणजे बायकोचे मामा, उभ्या आयुष्यात कधी पळालेले नाहीत. बस डोळ्यांदेखत सुटत असली तरी ते पाऊल जोरात टाकत नाहीत. "दुसरी येईन," म्हणतात आणि थांब्यावरच्या दगडावर बसतात. तरीसुद्धा पळावं कुठं, कधी आणि कोणत्या अंगानं, याविषयी अख्ख्या मंगरूळपीर तालुक्यात त्यांच्याइतकं कोणाला कळत नाही, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. त्यांच्या गावाला लागून एक तलाव आहे. धरण म्हणायला लहान आणि डबकं म्हटलं तर गावाला राग येईल एवढा मोठा. त्याच्या काठानं पळायच्या वाटा मामाजींनी शोधून काढल्या, आणि त्या शोधताना त्यांना एकदाही धाप लागली नाही.

त्यांची सारी नोकरी शेतजमिनी मोजण्यात झाली. त्यामुळे चालताना ते अजूनही ओठांतल्या ओठांत पावलं मोजतात. वाटेत कोणी "जयभीम, मामा" म्हटलं तर हात जोडतात पण तोंड उघडत नाहीत, कारण आकडा चुकेल. माझ्या लग्नात नवरी यायला थोडा उशीर झाला, तेवढ्यात त्यांनी मंडप मोजला आणि तो एका अंगानं वाकडा असल्याचं माझ्या वडिलांना सांगितलं. दोघांची ओळख ही अशी झाली. निवृत्तीनंतर मोजायला काही उरलं नाही, म्हणून ते तलावाकडे वळले. एक वाट पाळीवरून, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधावरून जाते, तीवर सकाळचं ऊन पाठीशी राहतं. दुसरी पळसांतून जाते, ती होळीच्या आधीचे पंधरा दिवसच वापरायची, एरवी "तिच्यात दम नाई". तिसरी सांडव्याकडून जाते. ती टिटवीनं अंडी घातली की बंद. बंद म्हणजे मामाजी तिच्या तोंडाशी बाभळीची फांदी आडवी टाकतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला टिटवीची अडचण समजावून सांगतात.

गावातली पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं सुरुवातीला त्यांना हसायची. त्यांना सरळ रस्ता हवा होता आणि हातातल्या घड्याळाशी काम होतं. मामाजी म्हणायचे, "पाय त बैलाचेही पळते. तुमी डोळे झाकून कायले पळता?" एक जण म्हणाला, "मामा, भरतीत बगळ्यायवर प्रश्न नाई येत." मामाजी शांतपणे म्हणाले, "नको येऊ दे. पण पाहत पळलं का धाप कमी लागते." हा सिद्धांत त्यांनी माझ्यावर तपासला. मी सांडव्यापर्यंत पोचलो आणि दगडावर बसकण मारली. मागून सावकाश येऊन ते म्हणाले, "जवाईबापू, आता बसलेच हा त पाहा तरी."

त्यांच्या शेजारी वैशाली नावाची पोरगी आपल्या आजीजवळ राहायची. आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे. वैशालीलाही भरतीत उतरायचं होतं, आणि पोरांसारखी तीही पहाटे मोठ्या रस्त्यावर पळायची. एका सकाळी ट्रक इतका जवळून गेला की ती नालीत फेकली गेली. कोपर सोलवटलं, बाकी वाचली. आजीनं त्या दिवसापासून तिचं पळणं बंद केलं. दोन दिवसांनी मामाजी आजीच्या ओट्यावर जाऊन बसले. "वहिनी, पोरीले तलावाच्या वाटेनं पळू द्या. मी पाळीवर उभा राहीन. पुऱ्या फेऱ्यात ती मले दिसली पायजे, मंग त झालं?" आजी कबूल झाली.

पण पुरा फेरा होतच नव्हता. पूर्वेला एका शेतकऱ्याचं वावर थेट पाण्याला भिडलं होतं आणि तिथं काट्यांचं कुंपण होतं. याच वावराची मोजणी मामाजींनी पूर्वी केली होती. तीत त्याचा धुरा, म्हणजे शेताचा बांध, हातभर मागं सरकला होता, आणि तेव्हापासून तो माणूस त्यांच्याशी बोलत नव्हता. मामाजी तीन दिवस त्या वावरापर्यंत जाऊन परत आले. एकदा वारा उलटा होता, एकदा तो माणूस जेवत असावा असं त्यांना वाटलं, आणि एकदा काहीच कारण सापडलं नाही. चौथ्या दिवशी मी गावात होतो, म्हणून मला सोबत घेतलं.

तो हरभऱ्याला पाणी देत होता. वर न पाहता म्हणाला, "काय साहेब, आता काय मोजाले आले?"

"मोजाले नाई, मांगाले आलो. पाण्याच्या काठानं दोन हात वाट पायजे."

"एक हात त तुमी आंधीच नेला."

तेव्हा चूक झाली असेल, एवढं मामाजींनी म्हणावं असं मला फार वाटत होतं. ते म्हणाले, "मोजणी बरोबर होती, भाऊ. आजही मोजली त तेच येईन. पण त्या दिवशी तुमच्या घरचं पाणी न पेता निंघून गेलो, ते चुकलं."

तो बराच वेळ पाण्याचा दांड वळवत राहिला. मग झोपडीकडे तोंड करून त्यानं बायकोला पाणी आणायला सांगितलं. मामाजी तांब्याभर पाणी एका दमात प्यायले.

"पळनार कोन हाय?" त्यानं विचारलं. मामाजींनी सांगितलं.

"ते ट्रकाखाली येता येता वाचली, तेच पोरगी?"

"तेच."

तो पुन्हा पाण्याच्या दांडाकडे वळला. आम्ही परतलो. तिसऱ्या दिवशी सकाळी कुंपण मागं सरकलेलं होतं आणि वाटेतले दगड वेचून बाजूला रचलेले होते. मामाजींनी अर्थातच वाट मोजली. मला फोन करून म्हणाले, "तीन हात भरली, जवाईबापू."

वैशाली त्या हिवाळ्यात रोज पळली आणि भरतीत थोडक्यात राहिली. घरी येऊन खूप रडली. मामाजींना समजूत घालता येत नाही. त्यांनी फक्त फेऱ्याची दिशा उलटी केली, म्हणजे चढ शेवटी येईल. पुढच्या भरतीत ती लागली. सध्या ती ट्रेनिंगला आहे. त्या शेतकऱ्याच्या बायकोला साखर निघाली, तर तीही आता गावातल्या चार बायकांना घेऊन सकाळी त्याच वाटेनं चालते.

यंदा गेलो तेव्हा मामाजींचा गुडघा दुखत होता. पाळ चढताना त्यांनी पहिल्यांदाच माझा हात धरला. वर बसलो तोच तीन पोरी वेण्या घट्ट बांधून आमच्यासमोरून पळत गेल्या. मामाजींनी डोळे बारीक करून विचारलं, "ह्या कोनाच्या?"

"मला नाही माहीत, मामाजी."

"मलेही नाई," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उजळला. "म्हंजे बाहेरगावच्या पोरी येऊन राह्यल्या."

पोरी वळणाआड दिसेनाशा होईपर्यंत ते ओठांतल्या ओठांत त्यांची पावलं मोजत होते.