चिखलासकट शिंपले

बंदरात त्याला सगळे लख्ख म्हणत. जहाजांच्या तेलाच्या टाक्या आतून साफ करायचं काम त्याने गुडघ्यांनी साथ दिली तोवर केलं. टाकीत उतरायचं, वाकून खरवडायचं, गाळ बादलीने वर द्यायचा, मग चिंध्यांनी पुसायचं. बाकीचे पुसून झालं की वर यायचे. हा पत्र्यावरून पंजा फिरवून बघायचा आणि पंजा काळा झाला की परत पुसायला बसायचा. मुकादम वरून ओरडायचा, की अरे बाबा, त्यात तेलच भरायचंय, दूध नाही. याचं घासणं चालूच. म्हणून लख्ख.

गुडघे गेल्यावर त्याने खाडी धरली. ओहोटीला चिखलात उतरून शिंपले काढायचे आणि बाजारात बसायचं. ज्यांनी हे काम केलेलं नाही त्यांना ते सोपं वाटतं. चिखल पाय धरून ठेवतो. पाय सरळ वर ओढला तर बूट आतच राहतो; आधी टाच सोडवायची, मग पाय. शिंपला दिसत नाही, चिखलावर त्याची दोन बारीक भोकं दिसतात. तिथे दाताळं आडवं घालून हलकेच कलतं करायचं. जोर लावला की कवच फुटतं. काढलेले शिंपले तो एक रात्र समुद्राच्या स्वच्छ पाण्यात ठेवायचा, म्हणजे ते पोटातली वाळू आणि गाळ आपणहून ओकून टाकतात. सकाळी एकेक कवच ब्रशने घासायचा. त्याचे शिंपले घेणाऱ्या बायका म्हणायच्या, दाताखाली खडा आला तर पैसे परत माग, येणारच नाही. फुटके मात्र पाण्यात टिकत नाहीत, मरतात. ते लगेच शिजवावे लागतात. म्हणून फुटके घरी.

खाडीच्या तोंडाशी अणुवीज केंद्र होतं. तिथलं वापरलेलं पाणी शुद्ध करून एका जाड नळाने खाडीत सोडत. शुद्ध केलं तरी थोडा किरणोत्सारी अंश त्यात राहतो, हे केंद्रही नाकारत नसे. तो किती, हे मोजायला वेगळी सरकारी लॅब होती आणि तिला अधूनमधून नळाजवळचे शिंपले लागत. ते काढून द्यायचं काम लख्खकडे आलं, कारण तिथल्या चिखलात उतरायला दुसरं कोणी तयार नव्हतं. लॅबचा ड्रायव्हर धक्क्यावर येऊन पिशवी घेऊन जायचा. पुढे निकाल धक्क्यावरच्या फळ्यावर लागायचा. दरवेळी तेच: मर्यादेच्या कितीतरी खाली.

घरात बायको, मुलगा आणि सून. मुलगा होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. सून समुद्रापासून लांबच्या गावची, शिवणकामात तरबेज आणि बोलायला फटकळ. तिला दिवस गेले तशी तिच्या आईने फोनवर टकळी लावली. पोटात बाळ, आणि तुम्ही त्या नळाशेजारी बसून शिंपले काय खाताय? आईने नुसती काळजी केली नाही, जावयासाठी तिकडच्या एका बर्फाच्या कारखान्यात नोकरीही बघून ठेवली. महिनाअखेरीस हो की नाही कळवायचं होतं. मुलगा म्हणाला, बायको म्हणेल तसं.

म्हणजे घर राहणार की दोन म्हाताऱ्यांचं होणार, हे सुनेच्या हातात होतं. लख्खने तिला कधी विनवलं नाही. एवढंच म्हणायचा, की फळा बघ, ते शिंपले माझ्या हातचे आहेत. सून फळा बघून यायची आणि आईला फोनवर आकडे सांगायची.

मग लॅबमध्ये एक नवी पोरगी आली. ड्रायव्हरवर न सोडता ती स्वतः आली, आणि धक्क्यावर न थांबता पत्ता विचारत थेट अंगणात. लख्ख घंगाळ्यापुढे बसून शिंपले घासत होता. तिने विचारलं, हे बाजाराचे का? तो म्हणाला, नाही, तुमचेच. आणि हौसेने सगळं सांगितलं: रात्रभर पाण्यात ठेवतो, ओकू देतो, मग घासतो. पहिल्यापासून असंच देतो. सरकारी काम आहे म्हणून चिखल थोडाच द्यायचा?

पोरगी उपड्या बादलीवर बसली. 

"काका, तो अंश गाळाला चिकटतो," ती म्हणाली. "गाळ शिंपल्याच्या पोटात असतो. आणि तुम्ही पोटच रिकामं करून देत होतात."

"मग लोक काय चिखलासकट खातात?"

नाही खात, हे तिने मान्य केलं. म्हणाली, बाजारातून नेणाऱ्यांपुरता तुमचा आकडा बरोबर आहे. पण खाडीत काय साठतंय ते त्यात दिसत नाही. चूक आमचीही आहे. कसे देता, हे इतक्या वर्षांत आमच्यातल्या कोणी विचारलं नाही.

सून दोरीवर कपडे वाळत घालत होती. हातातला पिळा तसाच घेऊन पुढे आली.

"म्हणजे फळ्यावरचे वेगळे आणि आमच्या ताटातले वेगळे," ती म्हणाली. "घरी तर कायम फुटकेच येतात. ते कुठे ओकतात?"

लख्खने हातातला ब्रश खाली ठेवला. बायको दारातून म्हणाली, की मी जन्मभर सांगत आले, घरच्यांना पण चार चांगले आणा. ऐकलं नाहीत, ते आता असं अंगाशी आलं.

पोरीने ते घासलेले शिंपलेही नेले आणि नवे मागितले: नळाच्या तोंडाशी, मधल्या वळणावर आणि वर पुलापाशी. तीन ठिकाणचे, चिखलासकट, पाण्याचा थेंब न लावता. फुटकेही चालतील.

घरात शिंपले शिजणं बंद झालं. सुनेने आदळआपट केली नाही, पण आईला आकडे सांगणंही बंद केलं. लख्ख जेवायला खाली मान घालून बसायचा. लबाडी केली असती तर निदान कबूल तरी करता आली असती. याने जीव तोडून काम केलं होतं आणि तेच नडलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते हे.

ओहोटीला तो दाताळं घेऊन निघाला तशी सूनही चप्पल घालून उभी.

"कुठे निघालीस?"

"तुमच्यावर लक्ष ठेवायला. पाणी दिसलं की हात शिवशिवतील तुमचे, बाबा."

ती काठावरच्या दगडावर बसली. तो चिखलात उतरला. नळापाशी चिखल सर्वात मऊ, मांडीपर्यंत. एक टाच, मग एक पाय, मग दाताळं. काढलेला शिंपला काळा, चिकट, गाळ ओघळणारा. जवळच डबकं होतं. त्याचा हात आपसूक तिकडे वळला.

"बाबा."

हात मागे आला. तीन ठिकाणच्या तीन पिशव्या तिनेच बांधल्या, तिनेच चिठ्ठ्या लावल्या. परतताना तो चिखलाने बरबटला होता, तीही थोडी. पिशव्यांकडे बघून तो म्हणाला, की असलं काम मी टाकीत केलं असतं तर मुकादमाने हाकललं असतं. सून म्हणाली, मुकादम आता मी आहे. त्या दिवसांतलं ते पहिलं हसणं.

निकाल यायला वेळ लागला. पोरगी तो घेऊन घरीच आली आणि स्वयंपाकघरात ओट्यापाशी बसून समजावून सांगितलं. नळाच्या तोंडाशी आकडा फळ्यावरच्या नेहमीच्या आकड्यापेक्षा बराच जास्त होता. मर्यादेच्या आत, पण जास्त, आणि तिथल्या गाळात तो साठत चालला होता. वळणावर निम्म्याहून कमी. पुलापाशी चिखलासकट घेतलेलेसुद्धा जवळपास काहीच नाही. नळाच्या तोंडाजवळ शिंपले काढायला आता बंदी येणार होती, आणि गाळ का साठतोय याचा जाब केंद्राला द्यावा लागणार होता. लख्खने विचारलं, की आजवर घरी खाल्ले ते? तिने हिशेब करून आणला होता. घरचे फुटके बाजारासाठी काढलेल्यांतले, म्हणजे बहुतेक वळणावरचेच असायचे. काळजी करण्याएवढं पोटात गेलेलं नव्हतं.

सुनेने सगळं ऐकून घेतलं. मग एकच विचारलं.

"तुम्हाला दिवस असते तर तुम्ही खाल्ले असते?"

पोरगी पटकन हो म्हणाली नाही. विचार करून म्हणाली, "पुलापाशी काढलेले, रात्रभर पाण्यात ठेवलेले खाल्ले असते. तोंडाजवळचे नसते खाल्ले."

सुनेने चहा टाकला.

त्या दिवशी तिने आईला फोन केला. घर लहान, लख्खला बाहेर बसून सगळं ऐकू आलं. नाही येत, ती म्हणत होती. अगं, ऐकून तर घे. इथे घाण कुठे आहे, किती आहे, ते मी माझ्या हाताने पिशवीत बांधून मोजून घेतलंय. तिथे तुझ्या बर्फाच्या कारखान्यातून ओढ्यात काय सोडतात, ते कोणी मोजतं का? पलीकडून बरंच बोलणं झालं असावं, कारण ती खूप वेळ नुसतं हं, हं करत राहिली. शेवटी म्हणाली, हो, बाबांवर लक्ष ठेवायला मीच असते, तू काळजी करू नकोस.

पुलापर्यंत चालत जायला लांब पडायचं आणि तिथे चिखल घट्ट, दाताळं जोराने घालावं लागायचं. लख्खच्या गुडघ्यांना ते जाणवायचं. पण जायचा. येताना घरासाठी आधी चार चांगले बाजूला काढायचा आणि फुटके परत खाडीत टाकायचा.

महिनाअखेरीस मुलाने बर्फाच्या कारखान्याला नाही कळवलं. दुसऱ्या दिवशी पाळण्याला जागा करायची म्हणून आतलं कपाट हलवायचं ठरलं. शिसवीचं, जड कपाट. लख्ख म्हणाला, आधी रिकामं करू. मुलगा म्हणाला, कशाला, दोघं आहोत, सरकेल. दोघांनी खांदा लावला. कपाट बोटभर सरकलं आणि फरशीच्या फटीत अडकलं. बायको आणि सून दारात उभ्या राहून बघत होत्या.

मग त्यांनी ते रिकामं केलं.