म्होरकीची पात

आमच्या मजूर बायांच्या टोळीची म्होरकी कायम सगळ्यांच्या मागे असायची. नवा शेतकरी बांधावर येऊन "तुमची मेन बाई कोण?" असं विचारायचा आणि सगळ्यांत पुढे गेलेल्या एखाद्या दणकट बाईकडे बघायचा. आम्ही हसून मागे बोट दाखवायचो. तिथे, टोळीतल्या सगळ्यात हळू बाईच्या शेजारची पात धरून गयामाय वाकलेली असायची. पात म्हणजे एकेकीच्या वाट्याला आलेल्या पिकाच्या दोन-तीन ओळी. आपली पात कापता कापता शेजारणीच्याही चार मुठी माय कापून टाकायची, तेही त्या बाईला ओशाळवाणं वाटू नये अशा बेताने, गप्पा मारत मारत. पुढे पळणाऱ्यांना ती म्हणायची, "बांध काय पळून जायलाय व्हय? एकदमच पोचू, पाणी बी एकदमच पिऊ."

मी पूर्णेची. वडील रेल्वेत होते, त्यामुळे रूळ आणि सिग्नल यांपलीकडे रानातलं मला काही कळत नव्हतं. लग्न होऊन जिंतूर तालुक्यातल्या या गावात आले आणि पहिल्याच आठवड्यात मी पराक्रम केला. कापसाच्या मधे पेरलेली तूर तण समजून उपटली, एक-दोन रोपं नव्हे, बांधापर्यंत अख्खी ओळ. शेतकरी असा तापला की माझ्या तोंडचं पाणी पळालं. माय खुरपं खाली ठेवून त्याच्यासमोर गेली. "पोरगी नवी हाय दादा. हितं तूर हाय म्हून मी सांगाया पायजे होतं. चुकी माझी हाय. उद्या ओळ टोबून देते." दुसऱ्या दिवशी तिने खरंच एकेक दाणा मातीत खोचून ओळ टोबून दिली. मला मात्र पाण्याच्या हंड्यापाशी नेऊन तुरीचं पान चुरगाळून वास घ्यायला लावला आणि म्हणाली, "आता वळख धर. पुन्हा चुकलीस तर बोलीन, पण हितंच बोलीन, लोकात न्हाई."

मायचं रागावणं नेहमी त्या हंड्यापाशीच व्हायचं. एखादीला एकटीला पाणी प्यायला बोलावलं की बाकीच्या काय ते ओळखायच्या. पण बोलणं काय झालं ते काही केल्या कळायचं नाही. माझ्यासारख्या चौकस बाईला याचा फार जाच व्हायचा. कौतुक मात्र ती भर रानात, चार शेतांना ऐकू जाईल अशा आवाजात करायची.

काम घ्यायच्या आधी ती स्वतः जाऊन रान बघून यायची. पीक कसं आहे याआधी ती झाड कुठे आहे ते बघायची. "आधी सावली दाखवा, मग रान दाखवा," असं तिने एका बड्या शेतकऱ्याला तोंडावर सांगितलं होतं. तो हिरमुसला, पण दुसऱ्या दिवशी लिंबाखालची गुरं हलवून त्याने आमच्यासाठी जागा केली. जेवतानाही तिचं फडकं सगळ्यात शेवटी सुटायचं. कुणी नुसती भाकर-मिरची आणली आहे ते आधी तिच्या नजरेत भरायचं, आणि मग तिच्या डब्यातलं कालवण फिरत फिरत नेमकं तिथे पोचायचं.

पुढे शेतकरी फोनवर काम ठरवायला लागले. एके दिवशी मायने सगळ्यांच्या देखत टोळी माझ्या हाती दिली. "हिला बोलता येतंय, धडाडी हाय. हिला म्होरं होऊ द्या. मी मागं हायच." मला आनंद झाला, तो लपवण्याइतकी शहाणी मी नव्हते. मी म्होरकी झाले ती खरोखरची, म्हणजे पुढे उभी राहून हुकूम सोडणारी. रोजाची कामं सोडून मी गुत्त्याची धरली. गुत्त्यात एकरावर बोली होते, जितकं लवकर उरकेल तितकं चांगलं. आमच्या टोळीचा झपाटा बघून दूरच्या पालमकडूनसुद्धा फोन यायला लागले. ज्यांची पात आधी बांधाला लागायची त्या बांधावर बसून पाणी प्यायच्या आणि मागे राहिलेल्यांकडे बघत राहायच्या. त्या बसणाऱ्यांत मीही होते.

मागे राहणारी आता एकटी माय होती. तिचे गुडघे गेले होते. वाकली की उठताना हात टेकायची. तिच्या शेजारची पात धरायला कुणी नव्हतं, आणि ते मला रोज दिसत होतं. एकदा मी उठून दोन पावलं गेलेही. तेवढ्यात कुठल्या तरी शेतकऱ्याचा फोन आला आणि त्यावर मी फार वेळ बोलत राहिले.

यंदा सोयाबीन काढणीच्या तोंडावर बाया माझ्या दारात आल्या. शोभा म्हणाली, "वैनी, माय पुरत न्हाई आता. वाटा सारखा आन् काम आमी करायलोय. तूच सांग तिला, तू म्होरकी हायस." मी कुणाला नाही म्हणाले नाही. शब्द जुळवत बसले. माय, तुमच्या तब्येतीसाठी म्हणते. माय, हलकं काम निघालं की बोलावते. आरशासमोर म्हणून पाहिलं तर माझं मलाच बघवेना.

काढणीच्या पहिल्या सकाळी ऑटोपाशी सगळ्या जमल्या. माय आली ती विळ्याशिवाय, धुवट लुगडं नेसून. मी तोंड उघडायच्या आत तिने आवाज चढवला, "बायांनो, यंदा मला धरू नका. लेक परभणीला बोलवायलीय, चार-सहा म्हैने तिकडंच ऱ्हाते. ही थांब थांब म्हनायली, पर मीच ऐकत न्हाई." आणि तिने माझ्याकडे हात केला.

मी थांब म्हणाले नव्हते. टोळीत माझा मान राहावा म्हणून ती माझ्या वतीने खोटं बोलली होती. माय, चला, माझ्या शेजारची पात तुमची, एवढंच म्हणायचं होतं. बाया माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणाले, "बरं, तब्येतीला जपा." ऑटो निघाला, आणि खरं सांगते, मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची लाज जिंतूरच्या रस्त्याला लागल्यावर वाटली, ती अजून गेलेली नाही.

माय परभणीला गेलीच नाही. लेकीने बोलावलंच नव्हतं. ती गावातच आहे, संध्याकाळी आमच्या ऑटोच्या वाटेवर, आपल्या ओट्यावर बसलेली असते. मी ऑटोवाल्याला सांगून ठेवलंय, आम्हाला अलीकडे पारापाशीच उतरवत जा. त्याला वाटतं, तिकडून बायांना घरं जवळ पडतात.