कमरेच्या पट्ट्यावरचे सहा मार्क

वजनकाट्यावर आकडा आला १०१.२. शकील मुल्ला खाली उतरले, काट्याकडे पाहिलं आणि पुन्हा चढले. आकडा तोच.

"मॅडम, या काट्याला स्टिकर नाही," ते म्हणाले.

चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये मी मेडिकल ऑफिसर आहे. प्रेस शॉप म्हणजे पत्रा दाबून गाड्यांचे भाग बनवणारा कारखाना. इथं मोजणारं प्रत्येक साधन वर्षातून एकदा तपासलं जातं आणि त्यावर तारखेचं हिरवं स्टिकर लागतं. याला कॅलिब्रेशन म्हणतात. स्टिकर नसलेल्या साधनानं घेतलेलं माप कुणी धरत नाही. माझ्या ओएचसीतल्या, म्हणजे कारखान्यातल्या दवाखान्यातल्या वजनकाट्याला असं स्टिकर कधीच नव्हतं. माझ्या इथल्या अकरा वर्षांत ते कुणी विचारलंही नव्हतं.

"तपासून घेते," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी स्टँडर्ड रूममधून, म्हणजे मापाची साधनं तपासतात त्या खोलीतून, वीस-वीस किलोची पाच प्रमाणित वजनं आली. ती एकावर एक ठेवली. काटा ९९.९ वर थांबला. शंभर ग्रॅम कमी दाखवत होता. म्हणजे शकीलभाई खरे तर शंभर ग्रॅमनं जास्तच भरत होते.

"तक्रार अंगाशी आली," ते म्हणाले. पण हसले नाहीत.

हसण्यासारखी परिस्थिती नव्हती. शकीलभाई ईओटी क्रेनचे मेंटेनन्स फिटर. ईओटी क्रेन शेडच्या छताखाली रुळांवर फिरते. तिची मोटर, ब्रेक, दोर, सगळं वरच असतं. दुरुस्तीला माणसानं वर जायचं. बारा मीटरची उभी शिडी, मध्ये एक प्लॅटफॉर्म. अशा कामाला हाइट पास लागतो. तो डॉक्टर, सेफ्टी ऑफिसर आणि खातेप्रमुख अशा तिघांच्या सहीनं मिळतो. शकीलभाईंकडे तो एकोणीस वर्षं होता.

फेब्रुवारीत सेफ्टी ऑफिसर तापकीर यांनी त्यांना माझ्याकडे पाठवलं. शिडी चढताना शकीलभाई मधल्या प्लॅटफॉर्मवर पाच मिनिटं बसून राहिल्याचं त्यांनी खालून पाहिलं होतं. मी तपासलं. वजन १०४.५. रक्तदाब १५८/९८. कमरेचा घेर ११३ सेंटिमीटर. गुडघे दुखत होते. दुपारी डुलकी येत होती. घरचे घोरण्याची तक्रार करत होते. वय सत्तेचाळीस.

मी रक्तदाबाची गोळी सुरू केली आणि दोन महिने त्यांना जमिनीवरचंच काम दिलं. दाब आटोक्यात आल्यावर ऑगस्टपर्यंतचा सशर्त पास दिला. सोबत एक माणूस हवा, अशी अट घातली. फॉर्मवर रिमार्कचा रकाना अंगठ्याएवढा असतो. त्यात बरंच काही लिहायचं होतं. मावलं एवढंच: "वजन ९४ किलोपर्यंत आणणे."

त्या चार शब्दांनी पुढचा सगळा घोळ केला. तो माझा घोळ होता.

सहा महिन्यांत शकीलभाईंनी जे केलं ते माझ्या नोंदवहीत आहे. संध्याकाळी कंपनीच्या बसमधून काळेवाडीत उतरून रहाटणीतल्या घरापर्यंत ते चालत जाऊ लागले. कँटीनमध्ये भाताचा दुसरा वाढा बंद केला. दिवसाचे सहा गोड चहा दोनवर आणले आणि त्या दोनमधली साखर निम्मी केली. गुडघ्यांसाठी मी खुर्चीवरून हात न टेकता उठण्या-बसण्याचा व्यायाम सांगितला होता. तो ते वर्कशॉपमधल्या बाकावर रोज करत. पहिल्या आठवड्यात पाच वेळा, जुलैत तीन खेपांत साठ वेळा. बाकीचे फिटर मोजायला उभे राहत. मोजताना मुद्दाम चुकत.

वजन मात्र आडमुठं होतं. रमजानमध्ये दोन किलो उतरलं, ईदच्या आठवड्यात त्यातलं एक परत आलं. मग महिनाभर हललंच नाही. ऑगस्टमध्ये १०१.२.

सामान्य वाचकासाठी सांगते. काटा फक्त भार मोजतो. चरबी कमी होऊन मांडीचे स्नायू वाढले, तर शरीर बदलतं आणि आकडा जवळपास तिथंच राहतो. काट्याला दोन्ही सारखेच.

हे मी पास वाढवायच्या मीटिंगमध्ये सांगितलं. मीटिंगला तिघेच होतो. मी, तापकीर आणि मेंटेनन्स हेड पाटणकर.

"डॉक्टर, टार्गेट कुणी लिहिलं?" पाटणकरांनी फॉर्म पुढं सरकवला.

"मीच."

"झालं का पूर्ण?"

"वजनाचं नाही. पण रक्तदाब १३२/८४ आहे. घेर १०२ वर आलाय. दुपारची डुलकी थांबलीय."

"हे फॉर्मवर कुठंय?"

फॉर्मवर ते नव्हतं.

तापकीर इथल्याच जुन्या शेतकरी घरातले. डिप्लोमा करून सेफ्टीत आले. बोलणं मीटिंगमध्ये शहरी, शेडमध्ये गावचं. ते म्हणाले, "मॅडम, मला माणूस पटतोय. पण उद्या ऑडिटर विचारणार, चौऱ्याण्णव लिहून एकशेएकला सही कशी केली? आणि कमरेच्या घेराचं काय सांगू? टेप ढिली धरली की एक आकडा, आवळली की दुसरा."

"स्टोअरमध्ये एक जागा आहे," पाटणकर म्हणाले. "पगार तोच राहील. उगाच रिस्क नको."

हा निरोप शकीलभाईंपर्यंत माझ्याआधी पोचला. मी ओएचसीत परतले तेव्हा ते दारात उभे होते.

"स्टोअरमध्ये जाऊन मी काय करू मॅडम? नट मोजू?"

"बसा."

"एकोणीस वर्षं वरच्या क्रेनचा आवाज ऐकून सांगतोय कुठलं बेअरिंग गेलं ते. खाली बसून कुणाला सांगू?"

ते आवाज न चढवता बोलले. मग म्हणाले, "तुम्ही मला वर जायला अडवलं होतं ना, ते वर जाऊनच तपासा की. काट्यावर चढून काय कळतं? काटा तर दहा सेंटिमीटर उंच आहे."

मुद्दा बरोबर होता. पास शिडीचा होता. तक्रार शिडीवरची होती. परीक्षा मात्र आम्ही काट्यावर घेत होतो.

मी तापकीरांना फोन केला. "शनिवारी प्रेस बंद असतात," ते म्हणाले. "तेव्हा बघू. पण नियमानं. हार्नेस, लाइफलाइन, वर एक माणूस आधीच थांबलेला. खाली तुम्ही."

शनिवारी सकाळी शेड शांत होतं. शकीलभाईंनी हार्नेस चढवला. हार्नेस म्हणजे खांदे, कंबर आणि मांड्यांना बांधायचे पट्टे. माणूस घसरला तर त्याला लाइफलाइनला, म्हणजे वर बांधलेल्या दोराला, अडकवून धरणारे. प्रत्येकाचा हार्नेस वेगळा, नंबर टाकलेला. शकीलभाईंचा चौदा नंबर. त्यावर छापलेली भाराची मर्यादा त्यांच्या वजनापेक्षा बरीच जास्त होती, त्यामुळं तो प्रश्न नव्हता.

मी खाली बसवून रक्तदाब आणि नाडी घेतली. कसोटी काय असेल ते तापकीरांना आधीच सांगितलं. माणसाचा दम किती आहे हे बघायची एक सोपी रीत आहे. श्रम झाल्या झाल्या त्याला बोलायला लावायचं. पूर्ण वाक्य एका दमात आलं तर ठीक. दोन-दोन शब्दांवर तुटलं तर नाही.

"वर पोचलात की वॉकी-टॉकीवर बोला," मी म्हणाले. "मोठं वाक्य."

"काय बोलू?"

"काहीही."

ते चढू लागले. एक हात, एक पाय, हूक लावायचा, पुढची पायरी. घाई नाही. तापकीरांच्या हातात स्टॉपवॉच. मधला प्लॅटफॉर्म आला. फेब्रुवारीत इथंच ते बसले होते. आता त्यांनी हूक बदलला आणि पुढं निघाले. तापकीरांनी वर बघता बघता हेल्मेट काढलं, रुमालानं डोकं पुसलं आणि हेल्मेट तसंच काखेत धरून ठेवलं.

वर पोचल्यावर वॉकी-टॉकी लगेच वाजली.

"तापकीर साहेब, शेडमध्ये विनाहेल्मेट उभं राहायला बंदी आहे असा बोर्ड तुम्हीच दारावर लावलाय आणि तुमचं टक्कल मला इथून चकचकीत दिसतंय."

एका दमात. कुठंही तुटलं नाही. वर थांबलेल्या माणसाचं हसणं मागून ऐकू आलं.

तापकीरांनी हेल्मेट घातलं. वॉकी-टॉकीत एवढंच म्हणाले, "व्हय, दिसलं. या आता खाली."

खाली आल्यावर मी नाडी मोजली. वाढलेली होती, ती वाढायलाच हवी. तीन मिनिटांत जवळपास मूळ आकड्यावर आली. मी समाधानी होते. तापकीरही होते, असं वाटलं.

मग त्यांनी हार्नेस हातात घेतला. वापर झाला की पट्टे उलटसुलट करून बघायचे, असा नियम आहे. कमरेचा पट्टा उलटा केला आणि ते थांबले.

"शकीलभाई, हे काय हाय?"

पट्ट्याच्या आतल्या बाजूला पिवळ्या पेंटच्या सहा बारीक रेघा होत्या. एकापुढं एक.

शकीलभाई हेल्मेटचा पट्टा सोडू लागले.

"राव, विचारतोय मी."

"मार्क आहेत."

"कसले?"

"टॉर्क मार्क."

हा फिटर लोकांचा शब्द आहे. बोल्ट ठरलेल्या जोरानं आवळला की त्याच्या डोक्यावरून खालच्या पत्र्यापर्यंत पिवळ्या पेंट मार्करनं एक सरळ रेघ मारतात. पुढं कधी बोल्ट सैल झाला, तर रेघेचे दोन तुकडे वेगळे दिसतात. दुरून नजर टाकली तरी कळतं. आवळल्यावर मार्क न मारणारा फिटर अर्धवट समजला जातो.

"फेब्रुवारीत मॅडमकडून आलो, त्या दिवशी वर्कशॉपमध्ये पट्टा कमरेला आवळून बघितला आणि बक्कलपाशी एक मार्क मारला," शकीलभाई म्हणाले. "मग दर महिन्याला एक. आवळलं की हात मार्करकडं जातोच. काटा हलत नव्हता मॅडम. काहीतरी हलतंय का ते बघायचं होतं."

तापकीरांनी खिशातून टेप काढली. पहिल्या मार्कपासून त्या दिवशी बक्कल जिथं बसलं होतं तिथपर्यंत मोजलं. अकरा सेंटिमीटर. माझ्या नोंदीत घेर ११३ वरून १०२ वर आला होता. तोही अकरा. दोन माणसं, एक टेप, एक पट्टा, एकमेकांना न विचारता घेतलेलं माप.

"हे ढिली-आवळ टेपचं न्हाई," तापकीर स्वतःशीच म्हणाले.

मग त्यांचा आवाज बदलला. "पण हार्नेसच्या पट्ट्यावर पेंट लावायचा नसतो, हे तुम्हाला माहीत हाय का न्हाई? त्यातल्या रसायनानं विणीचा धागा कमजोर होतो. बाहेरून दिसत न्हाई. ज्याच्यावर जीव टांगायचा त्याच्यावरच तुम्ही रंग लावत बसलाय."

शकीलभाईंचा चेहरा उतरला. शिडीवर न लागलेला दम आता लागला होता. "आतल्या बाजूला होता म्हणून..." ते म्हणाले आणि थांबले. मला वाटलं, पास गेला. नियम मोडणाऱ्याला वर पाठवू नये, हे लिहायला तापकीरांना एक ओळ पुरली असती.

तापकीर बाकावर बसले. फाइल उघडली. हार्नेसची दर महिन्याला तपासणी होते, त्याची चेकलिस्ट असते. त्यांनी फेब्रुवारीपासूनचे कागद एकेक करून उलटले. चौदा नंबरसमोर प्रत्येक महिन्यात "ओके" लिहिलं होतं. खाली सही तापकीरांची.

"सहा महिने मी हा पट्टा उलटा करून बघितलाच न्हाई," ते म्हणाले.

त्यांनी दोन कागद भरले. पहिल्यावर लिहिलं: हार्नेस क्रमांक चौदा रिजेक्ट, कारण पट्ट्यावर पेंट; मासिक तपासणीत आढळले नाही, त्रुटी सेफ्टी विभागाची. दुसऱ्यावर: शिडीची प्रत्यक्ष चाचणी समाधानकारक, हाइट पास देण्यास हरकत नाही. पहिला कागद लिहिला नसता तरी कुणाला कळलं नसतं. माझ्या एकूण बावीस वर्षांच्या नोकरीत स्वतःविरुद्ध एवढ्या स्वच्छ अक्षरात लिहिणारा माणूस मी क्वचित पाहिला आहे.

मीही फॉर्मला एक कागद जोडला. फेब्रुवारीत एकच आकडा लिहिणं अपुरं होतं, असं त्यात लिहिलं आणि खाली रक्तदाब, घेर, शिडीनंतरची नाडी, झोप या नोंदी दिल्या. वजनही दिलं. ते लपवायचं कारण नव्हतं. अजून उतरायला हवं, हेही लिहिलं. सोमवारी पाटणकरांनी चाचणीचा कागद आणि माझा कागद दोनदा वाचले. "ऑडिटरला हे समजेल?" त्यांनी विचारलं. "आकड्यापेक्षा लवकर समजेल," तापकीर म्हणाले. पाटणकरांनी सही केली.

वर्कशॉपमध्ये पेढ्यांची मागणी झाली. शकीलभाईंनी खजुराचा डबा आणला. "पेढे आणले तर मॅडम पास काढून घेतील," ते प्रत्येकाला सांगत होते. उठाबशा मोजताना मुद्दाम चुकणाऱ्यांनी या वेळी आपापले खजूर बरोबर मोजून घेतले. तापकीरांनी दोन घेतले आणि नवा हार्नेस देताना पट्ट्याची आतली बाजू शकीलभाईंना उलटी करून दाखवली. "कोरा हाय. कोराच ऱ्हाऊ द्या."

रिजेक्ट झालेला हार्नेस कापून टाकायचा असतो, म्हणजे चुकूनही कुणी वापरत नाही. तापकीरांनी चौदा नंबर स्वतः कापला. दोन दिवसांनी माझ्या टेबलावर एक पाकीट आलं. आत कमरेच्या पट्ट्याचा हातभर तुकडा, सहा पिवळ्या रेघांचा. त्याला लाल टॅग बांधलेला: "रिजेक्ट. वापरू नये."

तो तुकडा वजनकाट्याच्या वर खिळ्याला टांगला आहे. काट्याला आता हिरवं स्टिकर आहे. आकडा बघून हिरमुसलेला माणूस वर बघतो आणि रेघा कसल्या, असं विचारतो. मी सांगते. पेंट पट्ट्यावर लावू नका, हेही सांगते. महिन्याची खूण दोरीला गाठ मारूनही करता येते.

हाइट पासचा नवा फॉर्म छापून आला तेव्हा रिमार्कचा रकाना मी अर्ध्या पानाचा करून घेतला. जागा कमी असली की डॉक्टर आकडाच लिहितो.