आभारात उरलेली वैशाली

वैशालीच्या भावाचा त्यांच्या गावाहून, करकंबहून फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत होते. "म्याडम, ताई गेली की…" एवढं बोलून तो रडायलाच लागला. पुढे कॉलेजात शोकसभा झाली. तिच्या जुन्या संशोधन संस्थेतल्या सरांचा संदेश प्राचार्यांनी वाचून दाखवला : 'एक मेहनती सहायक हरपली.' सहायक! त्या शब्दाचा संताप अजून उतरलेला नाही, म्हणून लिहिते आहे.

वैशाली पदार्थविज्ञान शिकवायची, मी रसायन. सोलापूरला येण्याआधी काही वर्षं ती त्या संस्थेत होती, अणूंच्या रांगा दाखवणाऱ्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर. नेमकं काय करायचीस, असं मी एकदा डबा खाताना विचारलं. "आगं, इलेक्ट्रॉनची लाट स्फटिकातनं भाईर पडताना कुटं पुढं सरकती, कुटं मागं ऱ्हाती. त्ये मागंपुढं होणं म्हंजे फेज. खरी माहिती त्यातच. पण फोटोत नुसता उजेड-अंधार येतो, फेज जाती की." मग फोकस जरा जरा बदलत एकाच जागेचे बरेच फोटो काढायचे आणि ते ताडून गणिताने ती लाट परत मिळवायची. तो प्रोग्राम तिने लिहिला. एकेकट्या फोटोत न दिसणारे ऑक्सिजनचे हलके अणू त्यामुळे पडद्यावर उमटले. "लई रडले त्या दिवशी," ती म्हणाली होती.

त्याच सुमारास तिची आई अंथरुणाला खिळली. वैशाली सुट्टी काढून करकंबला आली, सुट्टी लांबत गेली… आणि तिकडे त्या कामाचा शोधनिबंध छापून आला. लेखक म्हणून सर आणि आणखी दोघे. वैशाली अगदी शेवटी, आभारात. तिने फोन केला तर सर म्हणाले, "तू तर सोडून गेलीस ना?" ती परत गेली नाही. आमच्या कॉलेजात नोकरी धरली. इथे असलं यंत्र कुणी पाहिलेलंही नव्हतं.

पुढे कधीतरी तेच सर सोलापुरात चर्चासत्राला आले. त्यांनी ऑक्सिजनच्या अणूंचं तेच चित्र दाखवलं. वैशालीने उठून विचारलं, "सर, प्रत्येक फोटोत फोकस नेमका किती बदलला, हे प्रोग्राम कसं ठरवतो?" ती युक्ती तिचीच होती. सर अडखळले. म्हणाले, "छान प्रश्न. आपण कुठल्या कॉलेजच्या?"

ओळखलंच नाही. तिने कॉलेजचं नाव सांगितलं आणि खाली बसली.

बाहेर आल्यावर मी चिडले, "स्वतःचं नाव का नाही सांगितलंस?"

"सांगून काय व्हनार हाय?" जेवायलाही न थांबता ती निघून गेली.

मेल्यावर मात्र सरांना ती आठवली.

परवा तिच्या प्रयोगशाळेत गेले होते. साध्या सूक्ष्मदर्शकावरही मुलांना ती एकदम फोकसवर येऊ द्यायची नाही. आधी अलीकडे जा, मग पलीकडे, काय बदलतं ते बघा, म्हणायची. स्वतः तेच करून दाखवायची. तिच्या टेबलावरच्या सूक्ष्मदर्शकाचं चाक त्यामुळे दोन्ही अंगांनी सैल झालंय; बोट लावलं की फिरतं. तिच्या जागी आलेल्या नव्या सरांनी तो सूक्ष्मदर्शक भंगारात काढायला दाराजवळ ठेवलाय.